पान बारावरचा हात

१

'मनोऱ्याचे पाच' ही चित्रकथा वाचणाऱ्या दहा जणांना विचारा, पाचांतला तुमचा आवडता कोण? सात जण मुकादम म्हणतील. मुकादम हा त्यांचा म्होरक्या, त्याला भिंतीपलीकडचं दिसतं. दोघं ठिणगी म्हणतील, कारण तो पेटतो. एखादा हळव्या मनाचा निघाला तर कातळ म्हणेल. कातळ अख्खा पूल उचलतो आणि उचलताना रडतो. मुक्याला सगळं ऐकू येतं पण बोलता येत नाही, म्हणून त्याची बाजू घेणारंही कुणी नाही. आणि वेल? "वेल म्हणजे ती खिडकीतली ना?" असं विचारतात लोक.

हो, तीच. माझी तीच.

बाकीचे चौघं मारामारीला जातात. वेल मनोऱ्याच्या खिडकीत बसून राहते आणि तिचे हात लांब लांब होत शहरभर फिरतात. कुणाच्या गॅलरीतली कुंडी पडता पडता धरायची, कुणाचं उतू जाणारं दूध उतरवायचं, जिन्यावरून घसरलेलं पोर दंडाला धरून परत पायरीवर उभं करायचं. प्रत्येक अंकात असं एखादंच चित्र, तेही कोपऱ्यात. मी दहा वर्षांची होते तेव्हापासून आधी तो कोपरा शोधायची. माझी आई कारखान्यात दोन पाळ्या करायची, घरी मी एकटी. दूध उतू जायला लागलं की मी खिडकीकडे बघायचे. खरंच सांगते.

सातवीनंतर शाळा सुटली, अंक सुटले नाहीत. आता तेच माझं काम आहे. जुनी पुस्तकं वाचायला देणारं एक दुकान आहे, तिथले फाटके अंक मी घरी आणून दुरुस्त करते. आठवड्याला एक गठ्ठा. पिना काढायच्या, पानं झटकायची, चीर असेल तिथं मागून पातळ कागद लावायचा, भोक असेल तर ठिगळ, मग वर रंग जुळवायचा. दुकानाचे काका गिऱ्हाइकांना म्हणतात, "हिचं ठिगळ शोधून दाखवा आणि महिनाभर फुकट वाचा." अजून कुणी शोधलेलं नाही.

पण गोटी झाल्यापासून मला वेलीचा राग यायला लागला. हे मी काकांना कधी सांगितलं नाही. पुस्तकातल्या बाईवर जळते म्हटलं तर हसतील.

गोटी माझी मुलगी, चार वर्षांची. ती झाली आणि मला कळलं की दोन हात पुरत नाहीत. एक हात भांड्याला, एक तिला, तेवढ्यात दारावर कुणीतरी. रस्ता ओलांडताना मी तिचं मनगट इतकं आवळते की वळ उठतात. आणि ही बया तिकडे खिडकीत बसून, केससुद्धा न विस्कटता, अख्ख्या गावाची पोरं सांभाळते! स्वतःचं एक नाही. कुणाचा ताप नाही, कुणाचं खरकटं नाही. तिचा तो शांत चेहरा बघितला की वाटायचं, तुला काय जातंय बाई.

"आई, वेल कध्धीच ओरडत नाही ना?" गोटीनं एकदा विचारलं.

मी नुकतीच ओरडले होते.

२

आमच्या कामात एक नियम आहे. आधी चौकट. चित्राच्या कडेला भोक पडलं असेल तर ठिगळ लावायचं, वाळू द्यायचं आणि सगळ्यात आधी पट्टी धरून चौकटीची तुटलेली रेघ जोडायची. आतलं काय ते नंतर. काकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

"का पण?" मी विचारलं होतं.

"का ते मला नाही ठाऊक, पोरी. मला शिकवणाऱ्यानं सांगितलं, मी तुला सांगतो. चौकट उघडी टाकून चहालासुद्धा उठायचं नाही."

या अंकांच्या चित्रकाराचाही एक कटाक्ष होता. वेलीचे हात कितीही लांब होऊ देत, चौकटीच्या रेघेपाशी आले की वळायचे. ठिणगीच्या ज्वाळा बाहेर यायच्या, कातळाचा पाय बाहेर यायचा, पण वेलीचं एक बोट कधी रेघेबाहेर गेलेलं मी पाहिलं नाही.

त्या दिवशी हातात सत्तेचाळिसावा अंक होता. पान बारा, खालचा उजवा कोपरा. ते चित्र मला पाठ होतं. लहानशी खाट, आजारी मूल, आणि खिडकीतून आलेला वेलीचा हात त्याच्या कपाळाकडे निघालेला. कुणीतरी नेमका हाताचा पंजा फाडून नेला होता. मनगटापर्यंत हात शिल्लक, पुढे भोक, आणि भोकाबरोबर चौकटीची बोटभर रेघही गेलेली.

ठिगळ बसवलं. वाळलं. पट्टी शोधायला उठायचं ते मी उठले नाही. मला तो हात काढायचा होता. इतकी वर्षं जो हात बघत आले, तो एकदा माझ्या हातानं. समोर माझाच डावा पंजा ठेवला आणि त्याच्याकडे बघत बघत काढला. चांगला आला. थोडा मोठाच झाला, बोटांची टोकं जिथं रेघ असायला हवी तिथवर पोहोचली.

तेवढ्यात आतल्या खोलीत धाडकन आवाज झाला. गोटी स्टुलावरून पडली होती. कपाळावर हे एवढं टेंगूळ. मग बर्फ, रडणं, डॉक्टर, मळमळ होतेय का बघा, झोपू देऊ नका. संध्याकाळी टेबल आवरलं तेव्हा अंक मिटला आणि ठेवून दिला.

चौकट तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी टेंगूळवाली गोटी त्या अंकाला चिकटून बसली. "हा काकाआजोबांना द्यायचा नाही. यात माझ्यासारखी मुलगी आहे." म्हटलं राहू दे चार दिवस. रेघेचं डोक्यातूनच गेलं.

३

वेणीपासून मला जाणवायला लागलं.

आमच्या इमारतीत कपडे गच्चीवर वाळत घालतात. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, गच्ची पाचव्याच्या वर. दुपारी जेवणं झाली की गोटीला टेबलाशी अंक देऊन मी बाहेरून कडी-कुलूप घालते आणि धावत जाऊन कपडे घेऊन येते. दहा मिनिटं. जाताना दर मजल्यावर थांबून कानोसा घेते, हे वेगळं सांगायला नको.

त्या दिवशी आले तर गोटी खुर्चीत ताठ बसलेली आणि तिची वेणी घातलेली. चार पेडांची. एक केस बाहेर नाही. मला तीन पेडांचीच येते, तीही तिरकी होते, कारण गोटी एका जागी बसत नाही.

"कुणी घातली गं?"

"अशी हळू हळू घातली," ती म्हणाली. "दुखलंच नाही."

"अगं पण कुणी?"

तिनं वेणी पुढे घेतली, नाकाला लावली आणि हसली.

मला लगेच कळलं. म्हणजे तेव्हा तसं वाटलं. माझी नणंद, ह्यांची थोरली बहीण, खालच्याच गल्लीत राहते, ब्यूटी पार्लरमध्ये केसांचं काम करते. मूलबाळ नाही. गोटीवर जीव. आमच्या घराची एक किल्ली अडीअडचणीला म्हणून तिच्याकडे असते. आणि चार पेडांची वेणी आमच्या ओळखीत तिच्याशिवाय कुणाला येते?

त्या आठवड्यात आणखी झालं. गोटीच्या फ्रॉकचं लोंबणारं बटण शिवलेलं मिळालं, बारीक, घट्ट टाक्यांनी. तिची नखं कापलेली, कडा घासलेल्या. मी कापायला घेतली की ती घर डोक्यावर घेते. ग्लासातलं दूध संपलेलं, आणि ओठावर मिशीसुद्धा नाही, कुणीतरी पुसलेली.

पोर आनंदात होतं. मी आतल्या आत भाजत होते.

"अगं, केस विंचरलेत," गोटीचे बाबा म्हणाले. ते लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात, त्यांना जे अडकलेलं नाही त्याची काळजी नसते. "विंचरलेत म्हणून काय पोलिसात देणार ताईला?"

"न सांगता येते. चोरासारखी."

"चोर वेण्या घालून जातात होय? मग पाठव एखादा माझ्याकडे, दाढी करून जाईल."

मी हसले नाही.

४

रविवारी ताई आल्या तेव्हा मी दारातच विचारलं.

"ताई, दुपारी येता ना तुम्ही?"

"कुठं?"

"इथं. मी गच्चीवर असते तेव्हा."

त्या पिशवी हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "अगं, दुपारी मला पार्लरमधून मान वर करायला होत नाही. दहा ते सहा उभी असते मी."

"मग वेणी काय वाऱ्यानं घातली?"

त्यांनी गोटीला जवळ घेतलं, वेणी उलगडून बघितली. बोटांनी पेड चाचपले. कामाचा माणूस दुसऱ्याचं काम जसं बघतो तसं. "ही माझी नाही," त्या म्हणाल्या. "मी उजवीकडून सुरू करते. ही डावऱ्या हाताची आहे. आणि एकाच हाताची वाटतेय. पण एका हातानं अशी वेणी घालता येत नाही."

"बोलायला बरं आहे."

"तुला म्हणायचंय काय नेमकं?"

"मला म्हणायचंय, माझं पोर माझ्याकडे राहू द्या."

बोलले आणि जीभ चावली, पण शब्द गेला तो गेला. ताईंचा चेहरा उतरला. त्यांनी पर्समधून किल्ली काढून टेबलावर ठेवली, सत्तेचाळिसाव्या अंकाच्या बाजूला. "मला नाहीये म्हणून तू असं बोलू शकतेस," त्या म्हणाल्या. "सांभाळ हो." आणि गेल्या. पिशवीत गोटीसाठी आणलेले नवे मोजे होते, ते तसेच परत गेले.

सोमवारी मी गच्चीवरून आले. कडी-कुलूप माझ्या हातानं घातलेलं, दोन्ही किल्ल्या माझ्या कनवटीला.

गोटीच्या दोन वेण्या होत्या.

५

माणूस आधी स्वतःला समजावतो. मीही समजावलं. पोरीनंच घातल्या असतील, चार वर्षांची मुलं काय काय शिकतात. मीच सकाळी घातल्या असतील आणि विसरले असेन, झोप कुठं होते धड.

मंगळवारी मी कपड्यांची बादली घेतली, कडी घातली, पायांचा आवाज करत वरच्या मजल्यापर्यंत गेले, चपला काढल्या आणि अनवाणी परत खाली आले. दाराला कान लावून उभी राहिले.

आधी नुसतं गोटीचं गुणगुणणं. मग एक आवाज आला. तो मला ओळखीचा होता म्हणून जास्त भीती वाटली. रोज माझ्या टेबलावर होतो तो. ओला कागद लाकडावरून सरकतो ना, तसा. पण आमच्याकडे एवढा लांब कागद नाही. तो सरकतच राहिला, टेबलापासून जमिनीवर, जमिनीवरून खुर्चीकडे. मग कंगव्याचा आवाज. सर्रर्र. सर्रर्र.

"इथं खाजवतंय," गोटी म्हणाली. आणि मग, "हां, तिथंच."

मी कडी काढली. दोनदा निसटली.

आत गोटी एकटी. अर्धी वेणी सुटी, कंगवा जमिनीवर अजून हलत होता. खिडकी बंद. टेबलावर अंक उघडा, पान बारा. मी वाकून बघितलं. चित्रात वेलीचा हात मनगटापर्यंत होता. पुढे माझं ठिगळ. पांढरं. जणू त्याच्यावर मी कधी काही काढलंच नव्हतं.

मी मागे वळून गोटीला उचललं. परत बघितलं तेव्हा पंजा जागेवर होता, माझ्याच डाव्या हातासारखा. फक्त बोटांवर केसांच्या तेलाचा डाग होता, कागदात मुरत चाललेला.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हाच जाळायचा अंक. मलाही सुचलं ते. पण अंक दुकानाचा. आणि खरं सांगायचं तर, भीती होतीच, पण तिच्यापेक्षा मोठं दुसरंच काहीतरी छातीत बसलं होतं. मी अंक कपाटात ठेवला, वरच्या फळीवर. गोटी दोन तास रडली. माझ्या मांडीवर बसून, माझ्याकडे न बघता.

६

बुधवारी सकाळी तिला ताप भरला. गोटीचे बाबा कामावर गेलेले. डॉक्टरांनी औषध दिलं, म्हणाले गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा. मी अर्धा दिवस ठेवत बसले. ती डोळे मिटूनच होती. मध्येच म्हणाली, "माझं पुस्तक." तापातल्या पोराला नाही कसं म्हणू? काढून दिलं. तिनं ते उघडून उशाशी ठेवलं आणि पुन्हा डोळे मिटले.

पाणी बदलायला मी मोरीत गेले. भांडं भरलं. दोन्ही हातांनी धरून दारात आले, आणि आतून तिचा आवाज आला.

"आई, हात काढू नकोस ना."

माझे दोन्ही हात भांड्याला होते.

गोटी खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. कपाळावर पट्टी होती, मी ठेवली होती तशी चुरगळलेली नाही, नीट चौपदरी घडीची. आसपास काही दिसलं नाही. पण तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते दिसलं. ती निवांत होती. माझ्याजवळ ती अशी कधीच नसते, कारण मीच कधी निवांत नसते. आणि ती आई म्हणाली होती. वेल नाही. मावशी नाही. आई.

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ते काय असतं ते मला तेव्हा कळलं. भांडं खाली ठेवलं. उशाजवळचा अंक उचलला, टेबलाशी गेले. पान बारावर ठिगळ कोरं होतं. मी पट्टी धरली, काळ्या शाईचं पेन घेतलं आणि तोंडानं म्हणत राहिले, परत ये बघू आता, परत येऊन दाखव. एका दमात रेघ ओढली. जाड, काळी, अगदी सरळ. आजवर ओढलेल्यांतली सगळ्यांत चांगली.

शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसले. मग अंक मिटला. खोलीत काही आवाज नव्हता. छातीतलं ओझं उतरलं होतं.

शाई वाळली आणि मग डोक्यात प्रकाश पडला. मी दार लावलं होतं खरं. पण ठिगळ कोरं, म्हणजे हात बाहेर असताना लावलं होतं.

७

गोटीचा ताप उतरला. ताईंची मी माफी मागितली, त्यांनी माफ केलं. किल्ली मात्र त्यांनी परत घेतली नाही.

गठ्ठा दुकानात पोहोचवला. काकांनी सत्तेचाळीस उघडला, पान बारावर थांबले, चष्मा वर केला.

"हात कुठाय गं हिचा?"

"काढला होता," मी म्हटलं.

"इथं तर मनगटाशी खलास." त्यांनी पानावरून अंगठा फिरवला. "चौकट मात्र झकास ओढलीस हो. असू दे. कुणाचं लक्ष जातंय वेलीकडे."

घरी आता सगळं ठीक आहे. वेण्या मी घालते, तिरक्या. नखं कापताना गोटी ओरडते. अंक मागत नाही, आणि मागितला नाही की मला बरं वाटतं. मी गच्चीवर तिला बरोबर घेऊन जाते. कपाटामागे, खाटेखाली सगळं झाडून काढलं, काही नव्हतं. तीन दिवस मी स्वतःला सांगत होते, संपलं.

काल दुपारी दोघी आडव्या झालो. गोटी माझ्या कुशीत, माझा एक हात तिच्या मानेखाली, दुसऱ्यानं मी तिला थोपटत होते. पडद्यातून ऊन येत होतं. खाली कुणाची तरी सायकल गेली. तिचा श्वास हळूहळू लांब झाला. किती दिवसांनी ती माझ्याजवळ अशी झोपत होती. मला भरून आलं. आता ही माझी, म्हटलं. माझी एकटीची.

माझा हात भरून आला म्हणून मी थोपटायचं थांबवलं.

थोपटणं थांबलं नाही.

त्याच लयीत, त्याच जोरानं, थप, थप, थप. चादरीच्या आतून. मी श्वास रोखला. गोटीचे दोन्ही हात तिच्या गालाखाली होते, मला दिसत होते. मी मान न हलवता नुसते डोळे खाली नेले. चादर जिथं तिच्या खांद्यावरून सरकली होती, तिथं चार बोटं होती. चपटी. कडेनं शाईची बारीक काळी रेघ असलेली. मनगटाच्या जागी चादरीची सुरकुती होती, तिच्यापलीकडे काय होतं ते मी बघितलं नाही.

मी तोंड गोटीच्या कानाशी नेलं आणि हळूच म्हटलं, "गोटी, आई इथं आहे."

तिनं झोपेतच ऐकलं. हसली. आणि कूस बदलली, माझ्याकडे पाठ करून.